जॉइन केलं की बेरीज का फुगते?

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेत, दोन-तीन टेबलं जोडली, बेरीज घेतली, आणि आकडा वहीशी जुळेना. म्हणून हा अंक पूर्ण जॉइन (टेबलं जोडणं) आणि ग्रुप बाय (ओळींचे गट पाडणं) यांनाच दिलाय. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, इथे देवनागरीत छापल्यात, मशीनवर नेहमीसारखी इंग्रजीत टाईप करा, टेबलांची नावं तुमची तुम्ही घाला.

प्रश्न : मी दिंडोरी रोडवरच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये अकाउंटला आहे. आमच्याकडे तीन टेबलं आहेत, बागायतदार, आवक आणि पेमेंट. तिन्ही जोडून प्रत्येकाची बाकी काढली तर एका बागायतदाराची बाकी उणे ३८,४०० येतेय, म्हणजे त्यांनीच आम्हाला पैसे द्यायचे असं दिसतंय. वहीप्रमाणे आम्ही त्यांचं ७०,८०० देणं आहे. सीझन संपत आलाय, लोक पैशासाठी फोन करतायत. डिस्टिंक्ट टाकून बघितलं, काही जणांचं जुळलं, काहींचं नाही. काय चुकतंय? — एक वाचक, पंचवटी

तुम्ही त्या एका बागायतदाराच्या सगळ्या नोंदी पाठवल्यात हे फार बरं केलंत, त्यामुळे अंदाज बांधत बसावं लागलं नाही. तुमचा डेटा बरोबर आहे, जोडण्याची पद्धत चुकलीय.

त्यांचा माल तीन वेळा आला. १२०० किलो ७० रुपयांनी म्हणजे ८४,०००, मग ९०० किलो ७२ नी म्हणजे ६४,८००, आणि शेवटचा १५०० किलो ६८ नी म्हणजे १,०२,०००. एकूण २,५०,८००. पेमेंट दोनदा झालं, एक लाख आणि ऐंशी हजार, एकूण १,८०,०००. वजा केलं की ७०,८००, तुमची वही बरोबर आहे.

आता तुमच्या क्वेरीत काय होतं ते बघा. बागायतदाराला आवक जोडली की तीन ओळी होतात. मग त्याच क्रमांकावर पेमेंट जोडलं की या तीनपैकी प्रत्येक ओळीला दोन्ही पेमेंट चिकटतात, कारण कुठलं पेमेंट कुठल्या मालाचं हे डेटाबेसला कुठूनही कळत नाही, तुम्ही फक्त बागायतदाराचा क्रमांक जुळवायला सांगितलंय आणि तो सगळ्यांचा जुळतो. झाल्या सहा ओळी. या सहा ओळींवर मालाची बेरीज केली की प्रत्येक आवक दोनदा मोजली जाते, ५,०१,६००, आणि प्रत्येक पेमेंट तीनदा, ५,४०,०००. वजाबाकी उणे ३८,४००. तुमचा आकडा पैशापैशाने जुळला.

ज्यांचा माल एकदाच आला आणि पेमेंट पण एकदाच झालं त्यांची बाकी बरोबर येत असणार, आणि हेच जास्त धोक्याचं आहे, कारण वरवर दोन-चार नावं तपासली आणि ती नेमकी अशीच निघाली तर रिपोर्ट बरोबर आहे असं समजून माणूस पुढे जातो आणि चेक फाटतात.

डिस्टिंक्टचा नाद सोडा. सम म्हणजे बेरीज, आणि सम(डिस्टिंक्ट रक्कम) म्हणजे सारखी रक्कम एकदाच धर. वरच्या उदाहरणात दोन्ही पेमेंट वेगवेगळ्या रकमेची आहेत म्हणून जुळतं, पण एखाद्याला पन्नास-पन्नास हजार दोनदा दिले असतील तर दुसरे पन्नास हजार हिशोबातून गायबच होतील आणि तुम्ही त्याला ते परत द्याल. पैशाच्या कॉलमवर सम डिस्टिंक्ट दिसलं की तिथे थांबून बघायचं, जवळजवळ नेहमीच खाली कुठेतरी जॉइन फुगलेला असतो आणि तो झाकायला ते टाकलेलं असतं.

बरोबर रस्ता असा, आधी बेरीज आणि मग जॉइन. आवकेची बेरीज बागायतदारनिहाय वेगळी करा, पेमेंटची वेगळी करा. आता दोन्हीकडे एका बागायतदाराची एकच ओळ आहे, एकाला एक जोडलं तर फुगायला जागाच नाही.

विथ आ अ‍ॅज (सिलेक्ट बागायतदार_क्र, सम(रक्कम) अ‍ॅज माल
फ्रॉम आवक ग्रुप बाय बागायतदार_क्र),
पे अ‍ॅज (सिलेक्ट बागायतदार_क्र, सम(रक्कम) अ‍ॅज दिले
फ्रॉम पेमेंट ग्रुप बाय बागायतदार_क्र)
सिलेक्ट ब.क्र, ब.नाव, कोअलेस(आ.माल, ०) - कोअलेस(पे.दिले, ०) अ‍ॅज बाकी
फ्रॉम बागायतदार ब
लेफ्ट जॉइन आ ऑन आ.बागायतदार_क्र = ब.क्र
लेफ्ट जॉइन पे ऑन पे.बागायतदार_क्र = ब.क्र

लेफ्ट जॉइन यासाठी की ज्यांना अजून एक रुपयाही गेलेला नाही ते यादीतून पडता कामा नयेत, खरं तर फोन त्यांचेच जास्त येत असतील. आणि कोअलेस, म्हणजे रिकाम्या जागी शून्य धर, यासाठी की पेमेंटच नसेल तर तिथे नल (माहितीच नसलेली रिकामी जागा) येतो, आणि कुठल्याही आकड्यातून नल वजा केला की उत्तर नलच, बाकीचा रकाना रिकामा दिसेल आणि बघणाऱ्याला वाटेल देणं काहीच नाही. सर्वात जास्त देणं ज्याचं त्याचाच रकाना कोरा, असं होऊ देऊ नका. विथ (आतल्या क्वेरीला आधीच नाव देणारा शब्द) मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ८.० पासून चालतं, ती आवृत्ती २०१८ ची आहे. पॅकहाऊसच्या मशीनवर त्याआधीचं असेल तर हेच दोन तुकडे फ्रॉमच्या आत कंसात सबक्वेरी म्हणून टाका, काम तेच होतं.

अजून एक सवय लावून घ्या. कुठलाही जॉइन लिहिण्याआधी प्रत्येक टेबलाबद्दल स्वतःला विचारायचं, यातली एक ओळ म्हणजे काय? बागायतदारमध्ये एक ओळ म्हणजे एक माणूस. आवकमध्ये एक ओळ म्हणजे एका वेळी आलेला माल. पेमेंटमध्ये एक ओळ म्हणजे एक चेक किंवा एक ट्रान्सफर. आणि जोडल्यावर तयार झालेली ओळ कशाची? तुमच्या पहिल्या क्वेरीत ती ओळ होती एका मालाची आणि एका चेकची जोडी, अशी वस्तू तुमच्या धंद्यात अस्तित्वातच नाही, मग तिच्यावर केलेली बेरीज कशाची म्हणायची? हे उत्तर देता आलं नाही तर पुढे सम लिहूच नका. तपासायला सोपं आहे, ग्रुप बाय काढून नुसता जॉइन चालवा, एकाच माणसाचा क्रमांक टाका आणि ओळी डोळ्याने बघा. सहा ओळी समोर दिसल्या असत्या तर तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नसती.

प्रश्न : एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावतो तसंच जॉइन आहे ना? मग तिथे ओळी वाढत नाहीत आणि इथे का वाढतात? — कॉलेज रोडवरच्या एका क्लासचे ऑफिस बघणारे वाचक

दिसायला तसंच, पण व्हीलुकअप पहिली जुळणारी ओळ सापडली की थांबतो. तुमच्या विद्यार्थ्याने फीचे तीन हप्ते भरले असतील तर तो पहिला हप्ता आणून ठेवतो आणि बाकीचे दोन आहेत हे सांगत पण नाही. जॉइन तिन्ही आणतो. म्हणजे एक्सेलमध्ये ओळी वाढत नाहीत पण पैसे हरवतात, इथे काही हरवत नाही पण ओळी वाढतात. मला विचाराल तर जॉइनचं वागणं जास्त प्रामाणिक आहे. फी जुळवायची असेल तर वरच्या उत्तरातलंच करा, आधी विद्यार्थ्यानुसार हप्त्यांची बेरीज, मग नावाला जोडा.

प्रश्न : आमच्या कॉलनीत छोटं वाचनालय आहे, मी संध्याकाळी मदत करते. ज्या सभासदांनी जूनमध्ये एकही पुस्तक नेलं नाही त्यांची यादी हवी आहे, त्यांना फोन करायचेत. लेफ्ट जॉइन लावला तरी फक्त पुस्तक नेलेलेच येतात. मग नॉट इन लावलं तर यादी पूर्ण रिकामी! भाच्याने काउंट लावून दिला तर प्रत्येकापुढे किमान १ येतोय. तिन्ही कसं चुकू शकतं? — एक वाचक, इंदिरानगर

ताई, प्रश्न वाचून खूप आनंद झाला. ज्या नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे तिथे कॉलनीतलं वाचनालय पण सभासद का येत नाहीत म्हणून फोन करतं, हे काम नीट व्हायलाच पाहिजे. तुमचे तिन्ही प्रयत्न वेगवेगळ्या कारणांनी फसलेत, म्हणून एकेक बघू.

पहिलं, लेफ्ट जॉइन. तुम्ही देवघेव टेबल लेफ्ट जॉइनने जोडलं आणि खाली व्हेअरमध्ये लिहिलं की देवघेवची तारीख जूनमधली पाहिजे. लेफ्ट जॉइनने न आलेल्या सभासदांना ठेवलं होतं, त्यांच्यापुढे देवघेवचे सगळे रकाने नल करून. मग व्हेअर आलं आणि विचारलं, तारीख जूनमधली आहे का? नलची कशाशीही तुलना केली की उत्तर हो पण नाही आणि नाही पण नाही, उत्तर माहीत नाही असंच येतं, आणि व्हेअर फक्त हो वाल्यांना आत घेतं. म्हणजे तुम्ही ज्यांना शोधताय तेच बाहेर गेले आणि लेफ्ट जॉइनचा साधा जॉइन झाला. उपाय, तारखेची अट व्हेअरमधून उचलून ऑनमध्ये न्यायची.

दुसरं, नॉट इन. तुम्ही लिहिलं की सभासद क्रमांक देवघेवमधल्या क्रमांकात नसावा. पण देवघेवमध्ये काही नोंदींना सभासद क्रमांकच नाहीये, तुम्हीच पत्रात म्हटलंय की पाहुणे म्हणून आलेल्यांना पण कधीकधी पुस्तक देतो. त्या यादीत एक जरी नल असला तरी डेटाबेसला खात्रीने म्हणता येत नाही की हा सभासद या यादीत नाही, कारण तो नल म्हणजे कोण ते त्याला माहीत नाही. म्हणून तो कोणालाच आत घेत नाही. नियमाने ते बरोबर वागलंय, पण किती जणांचे तास यात गेले असतील. नॉट इनच्या ऐवजी नॉट एक्झिस्ट्स वापरायची सवय ठेवा, त्याला नलचा असा त्रास होत नाही.

तिसरं, भाच्याचा काउंट. काउंट(*) ओळी मोजतो. पुस्तक न नेलेल्या सभासदाची पण एक ओळ असतेच, नलने भरलेली, म्हणून १. काउंटच्या कंसात देवघेवचा क्रमांक लिहिला तर तो नल सोडून मोजतो आणि बरोबर ० येतो.

सगळं एकत्र केलं की असं,

सिलेक्ट स.क्र, स.नाव, काउंट(दे.क्र) अ‍ॅज पुस्तकं
फ्रॉम सभासद स
लेफ्ट जॉइन देवघेव दे ऑन दे.सभासद_क्र = स.क्र
अँड दे.तारीख >= '२०२५-०६-०१'
अँड दे.तारीख < '२०२५-०७-०१'
ग्रुप बाय स.क्र, स.नाव
हॅविंग काउंट(दे.क्र) = ०

तारखेची अट मुद्दाम अशी लिहिलीय. बिटवीन १ जून आणि ३० जून असं लिहिलं आणि रकान्यात तारखेबरोबर वेळ पण साठवली असेल तर ३० जून म्हणजे ३० जून सुरू होतानाची मध्यरात्र, रात्री बाराचा ठोका, असा अर्थ घेतला जातो. तुमचं वाचनालय संध्याकाळी उघडतं, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या दिवसाची सगळी देवघेव सुटणार आणि त्या दिवशी पुस्तक नेलेल्या माणसाला तुम्ही फोन करून विचारणार की येत का नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपेक्षा कमी, असं लिहिलं की ३० की ३१ हे पण लक्षात ठेवावं लागत नाही. आणि ग्रुप बायमध्ये नावाबरोबर क्रमांक ठेवलाच पाहिजे, एकाच नावाच्या दोन बायका कॉलनीत असतात, नुसत्या नावावर केलं तर दोघींची पुस्तकं एकीच्या खात्यावर जातील.

प्रश्न : व्हेअर आणि हॅविंगमध्ये फरक काय? इंटरव्ह्यूत विचारला, मी म्हणाले हॅविंग ग्रुप बायबरोबर येतं, तर सर म्हणाले ते झालं, पण का? — इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नाशिकरोड

सरांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलं. क्वेरी आपण ज्या क्रमाने लिहितो त्या क्रमाने तिचा अर्थ लागत नाही. लिहिताना सिलेक्ट आधी येतं, पण अर्थ लावताना पहिलं फ्रॉम आणि जॉइन, मग व्हेअर, मग ग्रुप बाय, मग हॅविंग, मग कुठे सिलेक्ट, आणि शेवटी ऑर्डर बाय. व्हेअर चालतं तेव्हा गट पडलेलेच नसतात, समोर सुट्या ओळी असतात, मग तिथे सम कशाची करणार? गट पडल्यावर गटाला चाळणी लावायची ती हॅविंगने. वाचनालयाच्या क्वेरीत काउंट = ० हे हॅविंगमध्ये का लिहिलं ते आता तुला दिसेल. सिलेक्टमध्ये दिलेलं टोपणनाव व्हेअरमध्ये का चालत नाही त्याचं पण हेच कारण, तिथवर ते नाव जन्मलेलंच नसतं.

एक सांगून ठेवतो, जी अट व्हेअरमध्ये बसते ती हॅविंगमध्ये नेऊ नकोस. फक्त सिन्नरच्या शाखेचा रिपोर्ट हवा असेल तर सिन्नर व्हेअरमध्येच टाक, नको त्या ओळींचे गट पाडायचे आणि मग फेकायचे यात मशीनचा वेळ जातो आणि वाचणाऱ्याचाही.

हा उलटा क्रम आला कुठून असं पुढच्या इंटरव्ह्यूत कोणी विचारलंच तर, कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना टेबलांच्या स्वरूपात डेटा ठेवायची कल्पना मांडली, त्यांची भाषा गणिताची होती. तिथल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये ती साध्या माणसाला इंग्रजी वाक्यासारखी वाचता यावी म्हणून नवी भाषा मांडली, नाव होतं सीक्वेल, ते पुढे एसक्यूएल झालं. इंग्रजी वाक्यात काय पाहिजे ते आधी सांगतात म्हणून सिलेक्ट पुढे बसलं. वाचताना मात्र तू फ्रॉमपासूनच सुरुवात कर, मोठ्यातली मोठी क्वेरी पण उलगडते.

प्रश्न : अंबडला आमचं मशीन शॉप आहे. प्रत्येक मशीनचं रिजेक्शनचं टक्केवारीचं टेबल आहे, त्याची सरासरी घेतली तर ६ टक्के येते, कस्टमरच्या क्वालिटीवाल्याच्या हिशोबाने अडीच टक्क्यांच्या आत आहे. त्याचं चांगलं आहे म्हणून आम्ही गप्प आहोत, पण खरं कुठलं? — एक वाचक, सिडको

खरं त्यांचं. तुम्ही सरासरीची सरासरी काढलीत. पाठवलेल्या आकड्यांत एका मशीनवर १००० नगांत २० रिजेक्ट, म्हणजे २ टक्के, आणि दुसऱ्यावर ५० नगांत ५, म्हणजे १० टक्के. दोन आणि दहाची सरासरी सहा, पण त्यात पन्नास नगांच्या मशीनला हजार नगांच्या मशीनइतकंच वजन मिळालं. एकूण १०५० नगांत २५ रिजेक्ट, म्हणजे साधारण २.३८ टक्के. टक्केवारीचं टेबल ठेवू नका, नग आणि रिजेक्ट हे दोन आकडे ठेवा आणि टक्का हवा तेव्हा सम(रिजेक्ट) * १००.० भागिले सम(नग) असा काढा. त्या १०० पुढचा पॉइंट शून्य सोडू नका, पोस्टग्रेस, एसक्यूलाईट आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश कापला जातो, आणि शंभरने आधी गुणलं नसेल तर सगळ्या मशीनचं रिजेक्शन शून्य टक्के दिसेल. ते बघून खूष होऊ नका. मायएसक्यूएलमध्ये दशांश येतो, पण क्वेरी उद्या दुसरीकडे जाऊ शकते.

प्रश्न : मी रोज लासलगाव, पिंपळगाव, येवला, मनमाड इथले कांद्याचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव टेबलात टाकतो. प्रत्येक बाजारात सर्वात जास्त भाव कधी मिळाला ती तारीख हवी आहे. ग्रुप बाय बाजार आणि मॅक्स(कमाल) लावलं, भाव बरोबर येतो पण तारीख भलतीच. घरच्या नव्या लॅपटॉपवर तर एररच येतो. — एक वाचक, निफाड तालुका

नवा लॅपटॉप बरोबर आहे. मॅक्स फक्त भाव निवडतो, तो भाव ज्या ओळीत होता ती ओळ निवडत नाही. एका बाजाराच्या गटात तारखा शंभर, त्यातली कुठली दाखवायची हे तुम्ही सांगितलेलं नाही. जुनं मायएसक्यूएल त्यातली कुठलीही एक उचलून दाखवायचं, ५.७ पासून नेहमीच्या सेटिंगला ते अशा क्वेरीला नकार देतं, आणि पोस्टग्रेस तर अशी क्वेरी घेतच नाही. काही जण नेटवर बघून ते सेटिंग बंद करून टाकतात, कृपा करून करू नका, तो एरर तुमच्या बाजूचा आहे.

तुम्हाला गटाची बेरीज नको, गटातली एक ओळ हवी. त्यासाठी विंडो फंक्शन आहेत, २००३ च्या एसक्यूएल स्टँडर्डमध्ये ती आली,

विथ क्रमवार अ‍ॅज (सिलेक्ट बाजार, तारीख, कमाल,
रो_नंबर() ओव्हर (पार्टिशन बाय बाजार ऑर्डर बाय कमाल डेस्क, तारीख डेस्क) अ‍ॅज न
फ्रॉम भाव)
सिलेक्ट बाजार, तारीख, कमाल फ्रॉम क्रमवार व्हेअर न = १

पार्टिशन बाय ओळी गोळा करून एक करत नाही, ओळी जिथल्या तिथे राहतात, फक्त डेस्क (डिसेंडिंग, उतरता क्रम) लिहिल्यामुळे प्रत्येक बाजारात जास्त भावाकडून कमीकडे नंबर पडतात. न = १ ची अट बाहेरच्या क्वेरीत लिहावी लागते, कारण आतल्या व्हेअरच्या वेळी नंबर पडलेले नसतात. दोन दिवशी सारखाच कमाल भाव असेल तर ही क्वेरी अलीकडचा एकच दिवस देईल. दोन्ही दिवस हवे असतील तर रो_नंबरच्या जागी रँक लिहा आणि ऑर्डर बायमधून तारीख काढा.

टेबलात जातीचा रकाना दिसला नाही. लाल आणि उन्हाळ कांदा एकाच बाजारात एकाच दिवशी वेगळ्या भावाने जातो, दोन्हीची नोंद असेल तर जात वेगळ्या रकान्यात टाका आणि पार्टिशन बाय बाजार, जात असं करा, नाहीतर उन्हाळ कांदा चाळीत ठेवणाऱ्याला तुम्ही लाल कांद्याची तारीख सांगाल. आणि जिल्ह्याचा सरासरी भाव काढणार असाल तर अंबडच्या उत्तरातलं इथेही लागू आहे, सर्वसाधारण भावाला त्या दिवसाच्या आवकेने गुणून बेरीज करा आणि एकूण आवकेने भागा. त्यासाठी रोजची आवक किती क्विंटल ते आजपासून लिहायला लागा, मागची भरता येईल तेवढी भरा.